घरातलं पाणी नेमकं जातं कुठे?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहरात टँकर आणि पाणवठ्यांभोवती गर्दी करायला बंदी घालावी लागली होती. अशा वेळी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून ‘जलदूत’ नावाची ती गाडी लातुरात आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागलं.

हा आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. पंचवीस लाख लिटर एवढ्या माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा लिटर येतात. आपल्याकडच्या जुन्या फ्लशच्या टाकीत दहा लिटर पाणी मावतं. म्हणजे पन्नास वाघिणींच्या गाडीतून लातूरकराला मिळालेला वाटा संडासातली साखळी एकदा ओढायलाही पुरला नसता.

पाणीबचतीचा विचार या हिशेबापासून सुरू करावा असं मला वाटतं, कारण या विषयावरचा बहुतेक उपदेश स्वयंपाकघरात अडकून पडलेला असतो. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घाला, पाहुण्यांना अर्धाच पेला द्या, भाजी भांड्यात धुवा. यातलं काही चुकीचं नाही. पण या सगळ्यातून घरटी फार तर दहा-पंधरा लिटर पाणी वाचतं आणि ते वाचवायची जबाबदारी पडते घरातल्या बाईवर. जिने लहानपणी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन पाणी आणलं, तिला काटकसर शिकवायची गरज नसते. खरा अपव्यय होतो तो भिंतीतल्या नळांत, गच्चीवरच्या टाकीत आणि संडासात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. सवयी सुधारण्याआधी घरातली यंत्रणा सुधारली पाहिजे. तिथे वाचणारं पाणी कितीतरी जास्त असतं आणि त्यासाठी कुणाला रोज बोलणी खावी लागत नाहीत.

भुयारी गटार असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असं आपल्याकडचं सरकारी मानक आहे. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरचं लक्ष्य धरलं. भारतीय मानकांनुसार इमारतींच्या पाणीपुरवठ्याचं गणित मांडताना माणशी सुमारे ४५ लिटर एकट्या फ्लशसाठी धरतात. शहरी माणसाच्या पाण्याचा तिसरा हिस्सा, तोही बहुतेक ठिकाणी पिण्यायोग्य शुद्ध केलेला, मैला वाहून नेण्यात खर्च होतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दहा लिटरही लागत नाहीत. उरलेलं सगळं अंघोळ, कपडे, भांडी आणि फरशी यांत जातं.

म्हणून सुरुवात फ्लशपासून. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश ओढला जातो असं धरू. दहा लिटरची जुनी टाकी असेल तर दोनशे लिटर गेले. आता मिळणाऱ्या दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर पाणी पडतं. वीसपैकी सोळा वेळा लहान आणि चार वेळा मोठं बटण दाबलं, तर एकूण बहात्तर लिटर लागतात. रोजचे १२८ लिटर वाचले, वर्षाचे जवळपास ४७ हजार. दहा हजार लिटरचा एक, असे साडेचारहून अधिक टँकर एका घरात उभे राहिले, आणि घरातल्या कुणालाही आपली कोणतीही सवय सोडावी लागली नाही.

नवी टाकी बसवणं जमत नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी करून ठेवावी. दर वेळी एक लिटर कमी पडेल. ती आतल्या दांड्याला किंवा फुग्याला अडणार नाही एवढं मात्र बघावं लागतं. विटेचा तुकडा टाकायचा सल्लाही काही जण देतात, तो टाळावा. वीट झिजत जाते, तिची माती रबरी वॉशरखाली जाऊन बसते आणि वाचवायला गेलेलं पाणी दिवसभर गळत राहतं.

फ्लशच्या टाकीची गळती ही घरातली सगळ्यात महागडी गळती, कारण ती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. जुन्या टाक्यांना बाहेर काढलेली एक नळी असे. आतला बॉल कॉक नीट बंद झाला नाही की जास्तीचं पाणी त्या नळीतून भिंतीवर किंवा जमिनीवर पडे, मग घरात आरडाओरडा होई आणि प्लंबर येई. हल्ली ही वाट टाकीच्या आतूनच भांड्यात काढलेली असते. त्यामुळे बॉल कॉक बिघडला किंवा तळाचं रबर झिजलं, तर पाणी भांड्याच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखं उतरत राहतं. मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर एवढी गळती असली तरी दिवसाला १४४ लिटर होतात. घरात न दिसणारं आणखी एक माणूस राहतंय आणि त्याच्या वाट्याचे १३५ लिटर संपवून वर थोडं मागतंय, अशी ही स्थिती आहे.

ती ओळखायचा उपाय सोपा आहे. रात्री सगळे झोपायच्या वेळी टाकीचं झाकण काढून पाण्यात थोडी नीळ किंवा खाण्याचा रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. खाली भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. आणखी खात्री करायची असेल तर टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा, आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि सकाळी पाहावं. पातळी खाली गेली असेल तर तळाचं रबर बदलायला हवं. गेली नसेल, पण कॉक उघडल्यावर पाणी आतल्या नळीतून वाहत असेल, तर दोष बॉल कॉकचा आहे. दोन्ही वस्तू गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आपण त्या आणत नाही, कारण बिल वाढलेलं कुणाला दिसत नाही. त्याकडे पुढे येतोच.

ठिबकणाऱ्या नळाचंही असंच मोजमाप करावं. त्याखाली पेला ठेवावा. दोनशे मिलिलिटरचा पेला पंधरा मिनिटांत भरला तर तासाला आठशे मिलिलिटर, दिवसाला १९ लिटर आणि वर्षाला सात हजार लिटर होतात. नळ जोर लावून आवळणं हा त्यावर उपाय नाही. जास्त आवळल्याने रबरी वॉशर चिरडतो आणि ठिबकणं वाढतं.

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जिचा सोसायट्यांच्या बैठकांत फारसा उच्चार होत नाही. एकाच इमारतीत, एकाच मापाचा नळ, सारखाच उघडला, तरी खालच्या मजल्यावर पाणी जास्त पडतं. टाकी गच्चीवर आणि नळ खाली, म्हणजे वरून दाबणाऱ्या पाण्याची उंची जास्त. दर दहा मीटर उंचीला साधारण एक वातावरणाएवढा दाब तयार होतो. टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच दाखवून दिलं होतं की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सात मजली इमारत घ्या. सातव्या मजल्यावरचा नळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून चार मीटर खाली असेल, तर पहिल्या मजल्यावरचा बावीस मीटर खाली असतो. बावीसला चाराने भागून वर्गमूळ काढलं की २.३ च्या पुढे उत्तर येतं. वरच्या घरात मिनिटाला सहा लिटर देणारा नळ खालच्या घरात चौदा लिटर देतो. पाइपातल्या घर्षणामुळे हा फरक प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, पण राहतो.

याचा अर्थ असा की खालच्या मजल्यावरचं कुटुंब कितीही जबाबदार असलं तरी दात घासताना, भाजी धुताना, शॉवरखाली उभं राहताना त्याच वेळात जवळपास दुप्पट पाणी वापरतं. त्यांना बेफिकीर म्हणणं हा अन्याय आहे. उंच इमारतींत खालच्या मजल्यांच्या पाइपावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात; मध्यम उंचीच्या इमारतींत तो क्वचितच दिसतो. तो नसेल तर बेसिनखालचा आणि सिंकखालचा अँगल कॉक थोडा आवळून ठेवावा. एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही. किती आवळायचा हे ठरवायला एक लिटरचं मोजपात्र आणि फोनमधलं घड्याळ पुरतं. नळ पूर्ण उघडल्यावर पात्र पाच सेकंदांत भरलं तर मिनिटाला बारा लिटर पडतात. हात धुवायला एवढ्याची काहीच गरज नाही. दहा ते बारा सेकंदांत भरेल इतपत कॉक आवळला तरी काम अडत नाही.

नळाच्या तोंडावर बसणारा एरेटर हेच काम वेगळ्या रीतीने करतो. तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार भरगच्च वाटते आणि पाणी मिनिटाला तीन ते सहा लिटरच पडतं. बेसिन आणि सिंकला तो जरूर लावावा. ज्या नळाखाली बादली भरायची तिथे लावून उपयोग नाही. बादलीला लागायचं तेवढं पाणी लागतंच, फक्त वेळ वाढतो आणि घरचे कंटाळून एरेटर काढून टाकतात. बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येत असेल तर त्याची जाळी महिन्या-दोन महिन्यांनी धुवावी.

भांड्यांविषयी थोडं सांगायला हवं. पूर्ण उघड्या नळाखाली पंधरा मिनिटं भांडी घासली-विसळली तर शंभर लिटरच्या पुढे पाणी सहज जातं. अनेक घरांत हे काम मावशी करतात आणि त्यांना सकाळच्या वेळात आणखी चार घरं गाठायची असतात. त्यांना ‘ताई, नळ बंद करा’ म्हणून रोज टोकण्यापेक्षा सिंकच्या नळाची धार कमी करून द्यावी, खरकटं आधी काढून टाकावं आणि विसळायला दोन मोठे टब द्यावेत, पहिला ढोबळ साबण उतरवायला आणि दुसरा स्वच्छ पाण्याचा. वीस-पंचवीस लिटरांत काम होतं आणि वेळही तेवढाच लागतो. मोरीत बसून घमेल्यात भांडी विसळायची आपली जुनी पद्धत हीच होती. उभ्या ओट्याबरोबर ती गेली.

बादलीने अंघोळ की शॉवरने, हा वादही मोजपात्राने मिटतो. मिनिटाला दहा लिटर देणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं म्हणजे ऐंशी लिटर. बादली वीस लिटरची. शॉवर सोडायचा नसेल तर मिनिटाला सहा लिटर देणारं तोंड बसवून साबण लावताना तो बंद ठेवावा. गरम पाण्याच्या बाबतीत यात विजेचीही बचत आहे: पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते.

गरम पाण्यावरून पुण्या-नाशिककडच्या सौरबंबांचा विषय निघतो. ऊर्जा वाचवणारं हे उपकरण पाणी मात्र रोज वाया घालवतं. गच्चीवरचा बंब आणि तुमचं न्हाणीघर यांच्यामधला पाइप रात्रभरात थंड झालेला असतो. पाऊण इंची पाइपात दर मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं. वीस मीटर लांबी असेल तर सुमारे सहा लिटर. गरम पाणी हाताला लागेपर्यंत एवढं पाणी मोरीत सोडलं जातं, आणि दोन अंघोळींमध्ये तासाभराचं अंतर पडलं की पुन्हा तेवढंच. म्हणून नळाखाली आधी रिकामी बादली लावावी. ते पाणी स्वच्छच असतं, कपड्यांना चालतं. अंघोळी एकापाठोपाठ एक उरकाव्यात. आणि नवं बांधकाम असेल तर गरम पाण्याच्या पाइपावर उष्णतारोधक आवरण चढवून घ्यावं. प्लंबर ते आपणहून सुचवत नाहीत.

आता रोज सकाळी हजारो घरांत ओतून दिल्या जाणाऱ्या पाण्याविषयी. नळाला पाणी येण्याची वेळ झाली की कालचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतायचं आणि पिंप, हंडे, कळशा ताज्या पाण्याने भरायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. स्वच्छ भांड्यात, झाकून, हात न बुडवता ठेवलेलं पाणी एका दिवसात खराब होत नाही. पिण्यासाठी बदलायचंच असेल तर कालचं पाणी फरशीला, संडासाला वापरता येतं. पण या रीतीमागे एक खरी भीती आहे: आज पाणी आलं, उद्या येईल का? ज्या शहरात तासभरच पाणी येतं तिथे माणूस साठवतो, आणि साठवलेलं टाकून देतो. नळ उघडा ठेवून पाण्याची वाट पाहतो आणि मग तो बंद करायला विसरतो. कराडलगतच्या मलकापूरने या दुष्टचक्रातून बाहेर पडायची वाट दाखवली. त्या छोट्या शहराने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली आणि वापर वाढेल तसा दरही टप्प्याटप्प्याने चढता ठेवला. नळाला केव्हाही पाणी आहे हे कळल्यावर साठवण्याची आणि ओतण्याची गरज उरत नाही. चोवीस तास पाणी दिलं तर लोक उधळतील, या समजापेक्षा मला मलकापूरचा अनुभव जास्त बोलका वाटतो.

सोसायटीतली टाकी ओसंडणं हा नळ बंद करायला विसरण्याचाच मोठा अवतार. पंप मिनिटाला १५० लिटर पाणी चढवत असेल आणि तो दहा मिनिटं उशिरा बंद झाला, तर दीड हजार लिटर पाणी गच्चीवरून पन्हाळीत जातं. ते पाणी आधी शुद्ध केलेलं असतं, धरणातून शहरात आणलेलं असतं आणि वर चढवायला वीजही लागलेली असते. पातळी पाहून आपोआप बंद होणारा नियंत्रक बसवावा. रात्रपाळीच्या वॉचमनच्या जागेपणावर हे काम सोपवू नये.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राविषयी लोकांच्या मनात दोन उलटसुलट समज आहेत. एक, आरओशिवाय पाणी शुद्ध होत नाही. दोन, त्यातून बाहेर पडणारं पाणी विषारी असतं. दोन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत. घरगुती आरओ यंत्र साधारणपणे एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकतं. समजा बोअरच्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत. चार लिटरांत २४०० मिलिग्रॅम झाले. शुद्ध झालेल्या लिटरमध्ये ५० गेले, उरलेले २३५० तीन लिटरांत वाटले गेले, म्हणजे लिटरमागे सुमारे ७८०. मूळ पाण्यापेक्षा हे थोडंसंच खारट आहे. फरशी पुसायला, संडासात टाकायला, गाडी धुवायला ते बिनदिक्कत चालतं. कुंड्यांना मात्र रोज घालू नये, कारण मातीत क्षार साठत जातात.

आणि सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्या मुंबई-पुणेकरांचं काय? हे पाणी मुळात मृदू असतं, त्यातले क्षार लिटरमागे बहुतेक वेळा १५० मिलिग्रॅमच्या आतच असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण योग्य मानलं आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० हून कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओच्या वापरावर बंदी घालावी असं सांगितलं. अशा पाण्याला गाळणं आणि जंतू मारणं पुरेसं आहे. ते अतिनील किरणांच्या यंत्राने किंवा उकळून होतं आणि पाणी अजिबात वाया जात नाही. असलेलेच थोडे क्षार काढून घेण्यासाठी पिण्यायोग्य पाण्याचे तीन हिस्से गटारात सोडायचे, हे मला पटत नाही. विकत घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी, विक्रेत्याच्या काचेच्या भांड्यातल्या रंगीत प्रयोगावर विसंबू नये.

एकदा वापरलेलं पाणी पुन्हा वापरायची कला कोकणातल्या घरांना वेगळी शिकवावी लागत नाही. न्हाणीघराचं पाणी परसातल्या अळवाच्या आणि केळीच्या आळ्यांत सोडलेलं असतं. कर्दळ, अळू, केळ ही ओल मानवणारी झाडं साबणाचं थोडं पाणी सहन करतात. शहरात हे करायचं तर दोन पथ्यं पाळावीत. अंघोळीचं आणि कपडे विसळल्याचं पाणी त्याच दिवशी वापरावं, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं की कुजकट वास येतो. आणि भांड्यांचं तेलकट पाणी झाडांना घालू नये. कपडे धुण्याच्या यंत्रातून शेवटच्या विसळणीचं पाणी पिंपात घेतलं तर संडासाला आणि फरशीला दिवसभर पुरतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे खणून सांडपाणी जमिनीत मुरवलं. रस्त्यावर वाहणारी गटारं आटली, तसे डासही आटले.

पावसाचं गणित तर फारच सरळ आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्ची तीनशे चौरस मीटरची असली, तर वीस टक्के सांडलवंड वजा जाता १ लाख ६८ हजार लिटर मिळतात. अडचण अशी की हे पाणी चार महिन्यांत येतं आणि तेव्हाच आपल्याला त्याची गरज सगळ्यात कमी असते. उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढी टाकी बांधणं परवडत नाही, म्हणून लोक हा नादच सोडून देतात. पण टाकी मोठी असायची गरजच नाही. पाच हजार लिटरची टाकी पावसाळ्यात दहा वेळा भरली आणि दहा वेळा संडासाला-कपड्यांना वापरून रिकामी झाली, तर तिने पन्नास हजार लिटर दिले. तेवढं धरणातलं पाणी मागे राहिलं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं; ते बाजूला सोडायची सोय पाइपात हवी.

उरलेलं पाणी जमिनीत मुरवताना आपल्या पायाखाली काय आहे ते माहीत असावं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा आहे. हा दगड वाळूसारखा पाणी साठवत नाही. वरचा झिजलेला मुरमाड थर आणि खालच्या भेगा, एवढ्यांतच पाणी राहतं. म्हणून एका सोसायटीच्या बोअरला पुनर्भरणाचा मोठा फायदा होतो, शेजारच्या सोसायटीला होत नाही. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात टँकर लागतो, कारण जांभ्यातून आणि उतारावरून पाणी झपाट्याने निघून जातं. खड्डा खणण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून किंवा जाणकार भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घ्यावी. आणि गाळणीशिवाय गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये कधीच सोडू नये. भूजल एकदा नासलं की ते धुता येत नाही.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं नगररचनेत धरतात. मुळा-मुठेत, पंचगंगेत जे जातं ते आपल्याच मोऱ्यांमधून जातं. घरात शंभर लिटर वाचले तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचं ऐंशी लिटरचं ओझं कमी होतं. नदीची काळजी असलेल्यांनी घाटावरच्या स्वच्छतेइतकंच आपल्या फ्लशच्या रबराकडे लक्ष द्यावं, असं मी मनापासून म्हणेन.

आता बिलाकडे. बहुतेक सोसायट्यांना एकच मीटर असतो आणि बिल सगळ्या घरांत सारखं वाटलं जातं. दोन म्हाताऱ्या माणसांचं घर आणि सहा जणांचं घर सारखेच पैसे भरतात, त्यामुळे गळकी टाकी कुणाच्याच खिशाला टोचत नाही. प्रत्येक घराला मीटर बसवा म्हणणं सोपं आहे, पण जुन्या इमारतींत स्वयंपाकघराला एक पाइप, प्रत्येक न्हाणीघर आणि संडासाला वेगळा, असं पाणी तीन-चार ठिकाणांहून घरात शिरतं. तेवढे मीटर बसवणं जमत नाही. नवं घर घेणाऱ्यांनी म्हणूनच बिल्डरला आधी विचारावं की पाणी घरात एकाच जागेवरून येणार आहे का आणि तिथे मीटरला जागा ठेवली आहे का.

जुन्या इमारतीत मीटरशिवायही पुष्कळ कळतं. रात्री एक वाजता पंप बंद असताना गच्चीवरच्या टाकीत सळई बुडवून पातळी मोजावी, पुन्हा चार वाजता मोजावी. टाकीचं तळाचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे पन्नास लिटर. तीन तासांत ती सहा सेंटिमीटर उतरली, तर सगळे झोपलेले असताना तीनशे लिटर गेले. दिवसाचे २,४०० झाले, सतरा माणसांच्या वाट्याहून अधिक. मग पुढच्या रात्री टाकीतून उतरणाऱ्या पाइपांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करावेत. ज्याच्या बंद होण्याने पातळी थांबते, त्या पाइपावरच्या घरांत नीळ आणि प्लंबर घेऊन जावं.